निळीला पाणी घालायचं नाही

चावीकाकांना आयुष्यात एकच गोष्ट मनापासून येत होती, ती म्हणजे पाणी सोडणं. बंद करणंही येत होतं, पण त्यात त्यांचा जीव रमत नसे. नोकरी पाणीखात्यात होती. रस्त्यातल्या चेंबरचं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची आणि व्हॉल्व्हचे आटे फिरवायचे, की त्या गल्लीला पाणी सुटलं. पाळी संपली की आटे उलटे फिरवायचे आणि पुढच्या गल्लीला जायचं. शहर अंथरुणात असायचं तेव्हा हे खांद्यावर चावी टाकून निघालेले असत, आणि नळ फुरफुरला की बायका म्हणायच्या, चावीवाला आला. वय वाढलं तसा चावीवाल्याचा चावीकाका झाला. खरं नाव ऑफिसच्या कागदांवर होतं, पण हाक मारण्याच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं.

काकांचा एक हट्ट होता. पाणी सगळ्यांना सारखं. कुणी चहाला बोलावलं तर ते जात नसत, कारण चहा घेतला की माणूस मिंधा होतो आणि मिंध्या माणसाचा हात व्हॉल्व्हवर अर्धा आटा जास्त फिरतो असं त्यांचं मत होतं. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने गोडीत घेऊन पाहिलं, बंगल्यातल्या वकिलाने दमात घेऊन पाहिलं. काका ढिम्म. त्यांचं स्वतःचं घर पाइपलाइनच्या पार शेवटच्या टोकाला होतं. तिथे पोचेपर्यंत पाण्यातला सगळा जोर वाटेतल्या गल्ल्यांनी काढून घेतलेला असे. तरी शहरात समजूत अशी, की चावीवाल्याच्या घरी पाण्याला काय तोटा, हौद भरभरून वाहत असणार. असं कुणी म्हणू नये म्हणून काका आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह पाळी संपायच्या जरा आधीच बंद करत. याचा त्यांना अभिमान होता. काकूंना काय वाटत होतं ते कुणी विचारलं नव्हतं, आणि काकू काही आपणहून सांगत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

काका निवृत्त झाले त्याच सुमारास खात्याने व्हॉल्व्हना मोटरी बसवल्या. आता ऑफिसात बसून बटण दाबलं की पाणी सुटतं. निरोपसमारंभात साहेबांनी काकांना त्यांचीच जुनी चावी रिबीन बांधून भेट दिली, जणू ती आतापर्यंत साहेबांची होती. काकांनी घरी येऊन रिबीन सोडली, चावी दाराच्या मागे उभी केली आणि रिकामे हात मांडीवर ठेवून बसले. मोटरी आल्यापासून शेवटच्या टोकालाही धो धो पाणी येऊ लागलं. ही गोष्ट काकांच्या मनाला थोडी लागली.

हात शिवशिवतात म्हणून त्यांनी घरातले नळ दुरुस्त करायला घेतले. एकही गळत नव्हता, तरी प्रत्येक नळाचे वायसर बदलले आणि नळ असे घट्ट आवळून बंद करायला लागले, की काकूंना भाजी धुवायची तर आधी नवऱ्याला हाक मारावी लागे. काकूंनी आठवडाभर सोसलं. मग शांतपणे सांगितलं, की या घरात अजून एक माणूस राहतं आणि त्याला अधूनमधून पाणी लागतं. काकांनी नळ सैल केले आणि पुन्हा मांडीवर हात ठेवून बसले.

अंगणात बघायला त्यांच्यासमोर एकच गोष्ट होती. ती म्हणजे निळी.

निळी हे काकूंनी पाळलेलं झुडूप. खरं तर शहरामागच्या टेकडीवर ही निळी वाटेल तिथे उगवते. जिथे गवत धरत नाही अशा मुरमाड उतारावर, खडकाच्या फटीत, कुणी न लावता, कुणी न विचारता. बकऱ्याही तिला तोंड लावत नाहीत. पानं बारीक, राखाडी, हाताला खरखरीत. उन्हाळ्यात निम्मी पानं गळतात, उरलेली आवळून घेतात, आणि झुडूप असं दिसतं की कुणी सरपणाला तोडून नेलं तर त्याला दोष देता येऊ नये. मग ऊन उतरतं, रात्री जरा गार होतात, आणि एक दिवस सगळी टेकडी निळी झालेली असते. आकाशाचा निळा नाही, शाईचा निळा. शहरातले लोक तेव्हा वर बघून छान म्हणतात आणि कामाला लागतात. नर्सरीत जाऊन ‘निळी द्या’ असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं.

काकूंनी मात्र टेकडीवरून बी आणून अंगणात लावलं होतं. किती तरी बिया वाया गेल्या, उगवलेल्यांतलीही बरीच गेली, एक राहिली. ती राहिलेली वर्षानुवर्षं गुडघ्याएवढीच. वर वाढत नसे, कारण आधी खाली जात होती. काकू रोज सकाळी दारात उभ्या राहून तिच्याकडे बघत, एखादं वाळलं पान काढत आणि आत जात. एवढीच निगा. या वर्षी मात्र तिने अंग धरलं होतं. फांद्या कमरेला लागत होत्या, आणि काकू एकदा काकांना म्हणाल्या होत्या, की या खेपेला ऊन उतरलं की फुलणार. हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की काकांनी पेपर खाली ठेवला. बायकोला एखाद्या गोष्टीची एवढी आस असू शकते हे त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

उन्हाळा तोंडावर आला आणि काकूंची धाकटी बहीण जिन्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलं. बहिणीच्या घरी करणारं कुणी नव्हतं, तेव्हा काकूंनी पिशवी भरली. कणीक कुठे, साखर कुठे, गॅस कधी संपेल, सगळं सांगून झालं. निघताना त्या निळीपाशी थांबल्या.

“निळीला पाणी घालायचं नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही घालत.”

“पानं गळतील. नुसत्या काड्या राहतील. मेली असं वाटेल. तरी घालायचं नाही.”

“सांगितलंस ना एकदा.”

“तुमचा हात मला माहीत आहे, म्हणून दोनदा सांगितलं,” असं म्हणून काकू बसमध्ये बसल्या.

काकांनी मनाशी ठरवलं, की डोळ्यात तेल घालून निळी सांभाळायची. आजवर घरातली एकही गोष्ट बायकोने त्यांच्यावर सोपवली नव्हती. कशी सोपवणार? ते घरी असत तेव्हा झोपलेले असत. आता पहिल्यांदा काहीतरी सोपवलं होतं, आणि काम काय, तर काही न करणं. काकांना हे सोपं वाटलं, यावरूनच त्यांना या कामाचा अनुभव नव्हता हे कळतं.

पहिले काही दिवस बरे गेले. काका सकाळी उठत, निळीपुढे खुर्ची टाकत आणि तिला पाणी न घालत बसत. मग ऊन चढलं. पानं राखाडी होती ती पांढरट झाली, कडेने आवळली, एकेक गळायला लागली. काका गळलेलं पान उचलून हातावर ठेवत आणि बघत. समोरच्या घरात एक शिंपी राहत असे. त्याचं शिवणयंत्र खिडकीलाच होतं, त्यामुळे गल्लीतली कुठलीही गोष्ट त्याच्या नजरेतून सुटत नसे आणि एकदा नजरेत आली की तोंडातूनही सुटत नसे. त्याने मशीन थांबवून विचारलं, की काका, सगळ्या शहराला पाणी पाजलंत आणि दारातलं झाड वाळवताय होय? काकांनी सांगितलं, की हिला पाणी चालत नाही. मान हलवून शिंप्याने मशीन पुन्हा सुरू केलं, पण ते मशीनसुद्धा काकांना टोमणा मारल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर कोरड्या नळाखाली रांगेत ठेवलेल्या बादल्या बघितल्या, त्याला कोरडेपणा नुसता बघत बसता येत नाही. ते दुखणंच होतं, आणि त्यांना ते खरोखर होत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठले आणि मगभर पाणी निळीच्या बुंध्याशी ओतलं. मगभर म्हणजे काही पाणी नव्हे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. जमीन ते पाणी चुर्र करून प्याली. एवढ्या आवडीने पिते म्हणजे तहान होतीच, असं काकांनी ठरवलं आणि आणखी एक मग ओतला. पुढे मग जाऊन बादली आली, बादली जाऊन पाइप आला. शिंपी उठायच्या आत सगळं उरकून, पाइप गुंडाळून, काका खुर्चीत पेपर घेऊन बसलेले असत. नोकरीत कधी कुणासाठी अर्धा आटा जास्त सोडला नाही असा माणूस म्हातारपणी स्वतःच्या अंगणात चोरून पाणी सोडत होता.

आणि निळी बदलली. तिला कोवळी, हिरवीगार, लुसलुशीत पानं फुटली. टेकडीवरच्या तिच्या नातेवाइकांनी तिला ओळखलं नसतं. शिंप्याने खिडकीतून वाहवा केली. काका छाती काढून अंगणात फिरू लागले. काकूंचा फोन आला की त्या बहिणीचं सांगत, मग विचारत, निळी कशी आहे. काका म्हणत, बरी आहे. पाणी घातलं नाहीत ना? छे, छे. खोटं बोलताना त्यांना फारसं वाईट वाटत नव्हतं, कारण काकू परत येऊन ते हिरवं वैभव बघतील तेव्हा आपोआप कळेल कोणाचं बरोबर होतं, असं ते धरून चालले होते. मनातल्या मनात त्यांनी तो प्रसंग पुन्हा पुन्हा करून पाहिला होता. त्यात काकू दर वेळी आश्चर्याने उभ्या राहत आणि ते नम्रपणे काही नाही म्हणत.

ऐन उन्हाच्या दिवसांत निळीचा शेंडा मान टाकायला लागला. हिरवी पानं पिवळी झाली, लोंबली. मान टाकलेलं झाड म्हणजे तहानलेलं झाड, हे शेंबडं पोरही सांगेल. काकांनी पाइप सकाळ-संध्याकाळ लावला. निळी आणखी पिवळी झाली. काकांनी दुपारचीही पाळी सुरू केली. एका सकाळी त्यांनी आधार द्यायला म्हणून फांदी धरली, आणि सगळं झुडूप मुळासकट हातात आलं. जोरही लावावा लागला नाही. मुळं काळी पडली होती आणि त्यांना बंद चेंबरसारखा कुबट वास येत होता. काकांना तो वास ओळखीचा होता. ते तिथेच चिखलात खाली बसले.

मग त्यांनी निळीला पोत्यात घातलं आणि नर्सरी गाठली. नर्सरीवाली बाई गुडघ्याभर कुंड्यांत उभी होती. तिने पोत्यात डोकावून पाहिलं, एक मूळ बोटांत चिरडून हुंगलं आणि म्हणाली, बुडून मेली. काकांनी विचारलं, झाड बुडून कसं मरेल. बाईने सांगितलं, की ही उन्हाळ्यात पानं टाकून झोपते, तेव्हा तिच्या मुळाशी ओल राहिली की ऊन आणि ओल मिळून मूळ कुजतं, आणि मूळ कुजलं की झाडाला पाणी पिता येत नाही, म्हणून ते तहानल्यासारखं दिसतं. मग लोक आणखी पाणी घालतात. “कुणी घातलं एवढं?” तिने विचारलं.

“शेजारी,” काका म्हणाले.

नर्सरीत निळी नव्हती. टेकडी भरून उभी असलेली गोष्ट कोण विकत घेणार? आणि टेकडीवरून उपटून आणायचं मनात असेल तर ते काढून टाका, असंही बाईने बजावलं. तिचं मूळ खडकात उतरलेलं असतं, अर्ध्यात तुटतं, आणि मग ती ना तिथली राहत ना इथली. लावायची तर बियांनी लावायची आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. काकांनी ऐकून घेतलं आणि तरीही दुसऱ्या दिवशी पहार घेऊन टेकडीवर गेले. मूळ अर्ध्यात तुटलं. काकांनी ते झुडूप पुन्हा खड्ड्यात बसवलं, भोवती दगड रचले आणि कुणी पाहिलं नाही ना, म्हणून आजूबाजूला बघितलं. फक्त एक बकरी बघत होती.

ऊन उतरलं. बहीण काठीने चालायला लागली. काकूंचा फोन आला, की येते. “फुलली का हो?” त्यांनी विचारलं, आणि आवाजात तोच चेहरा होता.

“फुलतेय,” काका म्हणाले. त्यांनी फोन ठेवला. मेली, एवढा एकच शब्द बोलायचा होता. तो आता बोलता येईना.

काकू यायच्या दिवशी ते उजाडताच टेकडीवर गेले. वर सगळं निळंभोर झालेलं. त्यांनी चांगल्या भरदार फांद्या तोडल्या, एका झुडपाची एकच, कुणाला जास्त नाही आणि कुणाला कमी नाही, आणि भारा खांद्यावर टाकून खाली आणला. दाराच्या मागची चावी काढली. निळीची जागा अजून मऊ होती. चावीच्या टोकाने त्यांनी तिथे भोकं पाडली, एकेक फांदी खोचली, माती दाबली, मधे उंच आणि कडेला आखूड. लांबून पाहिलं तर झुडूप होतं. जवळून पाहिलं तरी झुडूप होतं, फक्त जरा जास्तच बहरलेलं. थोड्या वेळाने मधमाश्यासुद्धा आल्या. काकांना तेवढाच धीर आला.

काकू आल्या. पिशवी हातातच होती. त्या निळीपुढे उभ्या राहिल्या आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत तिला निरखलं. “फुलली की,” असं म्हणून त्या आत गेल्या आणि चहाला आधण ठेवलं. काका सुटकेचा श्वास टाकून खुर्चीत बसले. संध्याकाळपर्यंत फांद्यांनी माना टाकायला सुरुवात केली.

तेव्हा दुसऱ्या दिवशी काकू उठायच्या आत काकांना पुन्हा टेकडी चढावी लागली. जुन्या फांद्या उपटायच्या, नव्या खोचायच्या, जुन्या नेऊन शिंप्याच्या भिंतीमागे टाकायच्या. तिसऱ्या दिवशी तेच. काकांचे गुडघे कुरकुरायला लागले, पण एक विचित्र गोष्ट अशी, की निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना पहाटे उठून जायला कुठेतरी होतं. काकू रोज सकाळी दारात येत, निळीकडे बघत. एक दिवस म्हणाल्या, की आज जरा उंच वाटते. एक दिवस म्हणाल्या, काल डावीकडे झुकलेली होती, आज उजवीकडे झुकली. काका म्हणाले, वारा. शिंप्याच्या खिडकीतलं मशीन थांबलं होतं, पण तो पठ्ठ्या या एका बाबतीत हूं की चूं करत नव्हता. कशाला करेल? रोज सकाळी फुकट तमाशा बघायला मिळत होता.

एक दिवस काका लंगडत खाली आले तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. काकांच्या खांद्यावर निळ्या फांद्यांचा भारा होता आणि तो लपवायला जागा नव्हती. काकूंनी तो उतरवून घेतला, काकांना खुर्चीत बसवलं आणि चहाचा कप हातात दिला. मग स्वतः पायरीवर बसल्या.

“पाणी घातलंत,” त्या म्हणाल्या.

“घातलं.”

“किती?”

काकांनी सगळी नोकरी पाण्याचं माप आट्यांत सांगितलं होतं. याचं माप आट्यांत सांगता येण्यासारखं नव्हतं. “आपल्या गल्लीला आख्ख्या नोकरीत दिलं नाही तेवढं,” ते म्हणाले.

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी भाऱ्यातली एक फांदी काढून मांडीवर घेतली आणि तिच्यावरची माती झटकत बसल्या. मग विचारलं, “आपण या घरात आलो तेव्हा मी कुंपणाला गुलाब लावले होते, आठवतं?”

काकांनी आठवून पाहिलं. कुंपण आठवलं. गुलाब आठवेनात.

“त्या साली शहराचा तलाव आटला होता. मी तुम्हाला म्हटलं, आज आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह जरा उशिरा बंद करा. एकदाच म्हटलं होतं.”

“मी काय म्हणालो?”

“लोक काय म्हणतील, म्हणालात.”

“मग?”

“मग काय. गुलाब वाळले. लोक काही म्हणाले नाहीत.”

काकांच्या हातातला चहा निवत होता. समोरच्या खिडकीत मशीन सुरू झालं. शिंप्यालाही कधीकधी कळत असे.

“परत का नाही मागितलंस?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही परत नाहीच म्हणाला असतात. आणि ते बरोबरच होतं. लोकांचं पाणी होतं. बरोबर होतं म्हणून वाईट वाटलं नाही, असं नाही.” काकूंनी फांदी भाऱ्यात ठेवली. “म्हणून म्हटलं, असं काहीतरी लावावं, की तुमच्याकडे काही मागायला नको.”

काकांना फार वाईट वाटलं. आजवर ते समजत होते, की आपण पाण्यात कधी पक्षपात केला नाही, आणि त्याची किंमत आपण भरली. किंमत या पायरीवर बसलेली होती. तिने कुंपण रिकामं ठेवलं, हंडे पुरवून पुरवून वापरले, आणि शेवटी टेकडीवर जाऊन असं झाड शोधून काढलं, ज्याला नवऱ्याची गरज लागणार नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात सैल सुटला तो नेमका त्या झाडावर. त्यांनी काकूंना सांगितलं, की माझं चुकलं. पाण्याचं पण, आणि नंतर फांद्यांचं पण. काकू म्हणाल्या, की फांद्यांचं काही नाही, फांद्या बघायला मजा येत होती. पहिल्याच दिवशी कळलं होतं. एका झुडपाला इतके सुटे बुंधे नसतात.

मग त्यांनी अंगणात खोचलेल्या कालच्या फांद्या उपटल्या, आजच्या ताज्या फांद्या भाऱ्यातून काढून काचेच्या बरणीत लावल्या आणि बरणी काठोकाठ भरली. “हिला आता पाणी चालेल,” त्या म्हणाल्या. टेकडीवरच्या शेंगा वाळून तडकायला लागल्या, की दोघांनी मिळून वर जायचं आणि बी आणायचं असं ठरलं. तोवर निळीची जागा उन्हात कोरडी होऊ द्यायची. काकांनी तिकडे फिरकायचं नाही. काकांनी कानाला खडा लावला.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा नर्सरीत गेले. बाईने ओळखलं आणि शेजारी कसे आहेत विचारलं. काकांनी सांगितलं, की शेजारी मीच होतो. मग त्यांनी गुलाब मागितला. बाई म्हणाली, काका, हा रोज पाणी मागतो, एक दिवस चुकला तर रुसतो, तुम्हाला झेपेल का? काका म्हणाले, की तेवढंच एक झेपतं.

कुंपणाशी, निळीच्या जागेपासून जेवढं लांब जाता येईल तेवढ्या लांब, त्यांनी खड्डा केला आणि गुलाब लावला. नळाला पाइप जोडला. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि रोपाकडे बघत उभ्या राहिल्या. काकांनी पाइपचं तोंड बुंध्याशी धरलं आणि नळावर हात ठेवला.

“किती घालू?” त्यांनी विचारलं.

“मी पुरे म्हणेपर्यंत.”

काकांनी नळ सोडला. खड्डा भरला, पाणी आळ्याच्या कडेला आलं, कड ओलांडून कुंपणाखालून रस्त्याकडे निघालं. शिंप्याने मशीन थांबवलं. काका एकदा पाण्याकडे बघत होते आणि एकदा बायकोकडे. काकूंनी बराच वेळ पुरे म्हटलं नाही.